बियाफ्राच्या बाया आणि सोशिकपणाचं कौतुक

कुठल्याही लढाईचा इतिहास वाचायला घ्या. आधी सेनापतीचं नाव येतं. मग कुठलं शहर कधी पडलं त्या तारखा. मग तह, मग सह्या. आणि मागं कुठंतरी एक वाक्य – स्त्रिया व मुले यांचे अतोनात हाल झाले. संपलं. निम्मी माणसं एका वाक्यात निकालात.

त्या एका वाक्याच्या आत शिरून अख्खी पुस्तकं लिहिणाऱ्या तीन-चार बायांबद्दल मला सांगायचंय. बाया नायजेरियातल्या. फ्लोरा न्वापा, बुची एमेचेटा, चिमामांडा न्गोझी अडिची. लढाई बियाफ्राची, १९६७ ते १९७०.

आपल्याकडं काळ्यांचं साहित्य म्हटलं की गाडी सरळ अमेरिकेला जाते. त्याला कारण आहे. जोतीबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर काढली ती तिकडच्या पँथरचं नाव घेऊन. ते नातं आहेच. पण जिथून माणसं जहाजात कोंबून अमेरिकेला नेली तो किनारा कुठला? त्यातला एक मोठा तुकडा म्हणजे बियाफ्राचा उपसागर. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत हे नाव आहे. पुढं १९६७ ला तिथल्या लोकांनी आपलं नवं राष्ट्र केलं, तेव्हा त्याला ह्याच पाण्याचं नाव दिलं. म्हणजे अमेरिकेला गेलेल्यांचं आपण वाचलं, मागं राहिलेल्यांचं वाचायचं बाकी आहे.

माझी शाळा दहावीला सुटली. इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात उभी असते, दुसरी पाळी असली की सकाळ माझी. ‘हाफ ऑफ अ यलो सन’ मला चार महिने पुरलं. तेव्हा प्राध्यापक मंडळी ह्या कादंबऱ्यांबद्दल काय म्हणतात ते मला विचारू नका. मी उभ्यानं काम करणाऱ्या बाईच्या नजरेनं वाचलंय आणि तसंच सांगणार आहे.

आधी लढाई कशावरून झाली ते. १९१४ साली लुगार्ड नावाच्या गोऱ्या गव्हर्नरनं उत्तर नायजेरिया आणि दक्षिण नायजेरिया एकत्र बांधले. उत्तरेच्या कारभारातली तूट दक्षिणेच्या पैशातून भरून निघावी, हा त्यातला एक हिशेब होता. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेला योरुबा, पूर्वेला इग्बो, आणि ह्यांच्या मधेमधे शेकडो लहान जमाती, ज्यांचं नाव कुणी घेत नाही. १ ऑक्टोबर १९६० ला स्वातंत्र्य आलं. गोरा गेला, त्यानं बांधलेली मोळी तशीच राहिली. जानेवारी १९६६ मध्ये तरुण लष्करी अफसरांनी बंड करून पंतप्रधान आणि उत्तरेचा मुख्यमंत्री ह्यांना मारलं. बंडात इग्बो अफसर जास्त होते. जुलैमध्ये उलटं बंड झालं. आणि त्या वर्षभरात उत्तरेतल्या शहरांत इग्बोंना, पूर्वेकडच्या लोकांना शोधशोधून कापलं. रेल्वेतले हमाल, कारकून, दुकानदार, मास्तरणी. हजारो मेले. दहा लाखांवर लोक जीव घेऊन पूर्वेला परत आले.

३० मे १९६७ ला कर्नल ओजुक्वूनं बियाफ्रा वेगळा झाल्याचं जाहीर केलं. झेंड्यावर अर्धा पिवळा सूर्य. ६ जुलैला लढाई लागली. ह्या जमिनीखाली तेल आहे, हे विसरू नका. ब्रिटननं हत्यारं नायजेरियाला दिली, रशियानं विमानं दिली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं इथं एका बाजूला. नायजेरियानं समुद्र बंद केला, रस्ते बंद केले. मे १९६८ ला पोर्ट हारकोर्ट पडलं आणि बियाफ्राला समुद्रच उरला नाही. मधल्या चिमूटभर जमिनीत लाखो माणसं, त्यांत अर्धे निर्वासित. मीठ नाही, मांस नाही, वाळलेली मासळी नाही. पोरांची पोटं फुगली, केस तांबडे झाले.

त्या रोगाचं नाव क्वाशिओरकोर. हा शब्द घानामधल्या गा भाषेतला. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरणीनं तो वैद्यकात आणला. अर्थ असा, की दुसरं मूल झाल्यावर अंगावरून तुटलेल्या थोरल्या मुलाला जो आजार होतो तो. म्हणजे आयांनी ठेवलेलं नाव. बियाफ्रातल्या लोकांनी त्याला आणखी एक नाव दिलं – हॅरॉल्ड विल्सनचा रोग. विल्सन तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान. उपाशी माणसाला राजकारण कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

१५ जानेवारी १९७० ला लढाई संपली. मेले किती? कुणी पाच लाख म्हणतं, कुणी दहा, कुणी तीस लाख. गोळीनं मेलेल्यांपेक्षा भुकेनं मेलेले कितीतरी जास्त, आणि भुकेनं मेलेल्यांची हजेरी कुणी घेतली नव्हती.

आता बाया.

इग्बो मुलखात सुरणासारखा एक मोठा कंद होतो, याम. तो पुरुषाचं पीक. यामची रास मोठी तो पुरुष मोठा, त्याचे सण, त्याचा मान. कसावा मात्र बाईचं पीक. हाच तो कंद, ज्याचा आपल्याकडं उपासाचा साबुदाणा होतो. कसाव्याला मान नाही, सण नाही. शिवाय त्याच्यात विष असतं. तो सोलायचा, पाण्यात भिजत घालायचा नाहीतर किसायचा, आंबवायचा, पिळून पाणी काढायचं, मग लोखंडी तव्यावर परतून गारी करायची. हे सगळं बाईचं काम. लढाईत रानं गेली, याम गेला. माणसं जगली ती कसाव्यावर. मानाच्या पिकानं पाठ दाखवली, बिनमानाचं पीक उभं राहिलं. फ्लोरा न्वापानं पुढं १९८६ मध्ये कसाव्यावर लांबलचक कविता छापली, तिचं नावच ‘कसावा साँग अँड राइस साँग’. हिनं कंदावर कविता का केली असं एखाद्याला वाटेल. भाकरीवर कविता करणाऱ्या आपल्या लोकांना तसं वाटायचं कारण नाही.

बाजारही बायांचाच. आणि नुसता बाजार नाही, त्यांची एकीही. नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात न्वान्येरुवा नावाच्या विधवेच्या अंगणात सरकारी मोजणीवाला आला. घरात माणसं किती, शेळ्या किती, मोज म्हणाला. बाई तेल गाळत होती. तिला कळलं की आज मोजतायत, उद्या बायांवर कर बसवतील. तिनं भांडण केलं आणि बायांना निरोप गेला. ताडाची पानं हातोहात पुढं गेली आणि हजारो बाया उठल्या. गोऱ्यांनी नेमलेल्या पाटलांची घरं वेढून गाणी म्हणत, नाचत बसल्या. इग्बोंत जुनी रीतच आहे, पुरुष माजला तर बाया त्याच्या दारात जाऊन बसतात, तो वठणीवर येईपर्यंत उठत नाहीत. सरकारनं गोळ्या घातल्या. पन्नासवर बाया मेल्या. इंग्रजांनी कागदावर लिहिलं, आबाचा दंगा. बाया आपल्या भाषेत म्हणतात, ओगू उमुन्वान्यी, म्हणजे बायांची लढाई. आपल्याकडंही गाव पेटवलं की पेपरात दंगल येते आणि पाणी मागितलं की तेढ येते, म्हणून हा फरक मला लगेच उमगला.

बियाफ्राच्या लढाईत ह्याच बाजारच्या बाया रात्री जंगलातनं, नदीतनं शत्रूच्या मुलखात जायच्या. मीठ, वाळलेली मासळी, औषधं, सिगारेट आणायच्या. ह्या धंद्याला नाव पडलं ‘आफिया अटॅक’. आफिया म्हणजे बाजार, पुढचा शब्द इंग्रजीच. पुरुष अटॅकला जातो तशी बाई बाजाराला जाते. नायजेरियाच्या शिपायाला सापडली तर बलात्कार नाहीतर गोळी. आपल्याच शिपायाला सापडली तर हेर म्हणून संशय आणि माल जप्त. तरी जायच्या, कारण घरातला पुरुष बाहेर दिसला तर त्याला पकडून सैन्यात घालायचे. म्हणून तो माळ्यावर लपलेला आणि बाई रस्त्यावर. सेनापतींनी आठवणी लिहिल्या. ह्या बायांतल्या किती जणींनी लिहिल्या?

म्हणून ह्या कादंबऱ्यांना मी इतिहास म्हणते.

फ्लोरा न्वापा १९३१ ची. ओगुटा गावची, तळ्याकाठची. १९६६ साली तिची ‘एफुरू’ लंडनला छापली गेली. नायजेरियातल्या बाईची परदेशात छापलेली ती पहिली इंग्रजी कादंबरी. वर्षभरात लढाई. लढाईवरची ‘नेव्हर अगेन’ १९७५ ला आली, ऐंशी-नव्वद पानांची. जाड पुस्तकांना बिचकणाऱ्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी.

गोष्ट केट सांगते. नवऱ्याला आणि पोरांना घेऊन ती एनुगूतून पळाली, ओनिचातून पळाली, पोर्ट हारकोर्टातून पळाली, एलेलेतून पळाली आणि आता माहेरगावी उगवुटाला येऊन पडलीय. उगवुटा म्हणजे ओगुटाच. गावात सभा चाललेल्या असतात. पुढारी ओरडून सांगतात की उगवुटा पडणार नाही, शत्रूचं नाव काढू नका. तोफांचा आवाज ऐकू येतोय आणि हे म्हणतात आपल्याच तोफा. केटला सगळं कळतंय. पण कुणी गाठोडं बांधायला घेतलं की त्याला ‘सॅबो’ म्हणायचे. म्हणजे घरभेदी. त्याचा शेवट तुरुंगात नाहीतर त्याहून वाईट. तेव्हा केट गप्प बसते, आणि गप्प बसून गाठोडं बांधते. अख्ख्या कादंबरीत मला सगळ्यात भारी वाटलं ते हे. बाईचं शौर्य म्हणजे तिनं बंदूक घेतली, असं न्वापा दाखवत नाही. केटला देशही नको झालाय, तिला पोरं जगवायचीत. सभेत खोटं बोलणारा आपला माणूस आणि पलीकडून बाँब टाकणारा परका माणूस, दोघांच्या मधून ती वाट काढते. चळवळीत वाढलेल्या कुठल्याही पोरीला विचारा, स्टेजवरनं छाती ठोकणारा आणि घरात चूल पेटलीय का न बघणारा पुढारी तिनं बघितलेला असतो.

सप्टेंबर १९६८ मध्ये ओगुटा पडलं आणि लगेच परत मिळालं. लोक म्हणाले, तळ्यातल्या देवीनं, उहामिरीनं, शत्रूच्या बोटी बुडवल्या. न्वापा हे हसून उडवत नाही आणि गळाही काढत नाही. लोक परत येतात, घरं लुटलेली असतात, आणि ते देवीचे आभार मानतात. मला देवी पटत नाही. बाबासाहेबांची लेक आहे मी. पण पुरुषांनी घालवलेलं गाव एका बाईनं राखलं, मग ती तळ्यातली का असेना, असं त्या गावाला म्हणावंसं वाटलं, त्याची नोंद इतिहासात पाहिजेच.

लढाईनंतर न्वापा त्या राज्यात आरोग्य आणि समाजकल्याण खात्याची मंत्री झाली. युद्धात अनाथ झालेल्या पोरांची सोय लावणं तिच्या खात्याकडं होतं. लढाई चालू असताना हजारो आजारी पोरं विमानानं गॅबनला आणि आयव्हरी कोस्टला नेली होती, ती १९७० नंतर परत आली. कुणाचं पोर कुठलं, ते कुठल्या गावचं, आई जिवंत आहे का. अशा राज्याची मंत्री असलेली बाई लिहायला बसते तेव्हा तिच्या कादंबरीत फुलं-पानं कमी का, हे मला विचारावं लागत नाही.

पुरुषांनी ह्या बाया लिहिल्या नाहीत असं नाही. चिनुआ अचेबेची ‘गर्ल्स ॲट वॉर’ गोष्ट १९७२ च्या पुस्तकात आहे. तिच्यातली ग्लॅडिस आधी सैन्यात जायला निघते, मग नाक्यावर गाड्या तपासते, आणि शेवटी एका मोठ्या माणसाची ठेवलेली बाई होते. विग घालते, उंच टाचा घालते. अचेबे मोठा माणूस. आणि शेवटी ग्लॅडिस पाय नसलेल्या शिपायाला वाचवायला बाँबच्या पावसात परत जाते, ते वाचून मी रडले. पण गोष्ट ज्याच्या नजरेतून येते तो साहेब, रिलीफचे तांदूळ आपल्या घरी नेणारा, तिच्याकडं बघून म्हणणार की समाज कुजला. समाज कुजला ते बाईच्या विगवरून कळतं, साहेबाच्या मोटारीवरून का कळत नाही? अचेबे त्या साहेबालाही टोचतो, नाही असं नाही. तरी पडलेली बाई ही खूण त्यानं तशीच ठेवली. न्वापाच्या पुस्तकात मला ती सापडली नाही.

बुची एमेचेटाचं आयुष्यच आधी सांगते. १९४४ ला लागोसला जन्म, घर मूळ इबुझाचं, नायजर नदीच्या पश्चिमेचं. लग्न लहानपणी. १९६२ ला नवऱ्यामागं लंडनला. बावीसाव्या वर्षापर्यंत पाच पोरं. नोकरी करून, पोरं सांभाळून तिनं पहिली कादंबरी लिहिली. नवऱ्यानं ती वाचली आणि जाळली. चुलीत घातला कागद. बाई पोरं घेऊन बाहेर पडली, भल्या पहाटे उठून परत लिहायला लागली. तीच जळालेली कादंबरी तिनं पुन्हा लिहून काढली, ‘द ब्राइड प्राइस’, १९७६. तिच्याकडं मी परत येणार आहे.

लढाई चालू असताना ती लंडनात होती, तिथल्या मोर्च्यांत होती. आणि तिकडं तिच्या इबुझाशेजारच्या असाबात ७ ऑक्टोबर १९६७ ला काय झालं? नायजेरियाचं सैन्य आलं. गावकऱ्यांनी ठरवलं, स्वागत करू, एक नायजेरियाच्या घोषणा देऊ. पुरुष, बाया, पोरं पांढरे कपडे घालून नाचत निघाले. शिपायांनी बायांना वेगळं केलं, पुरुष आणि वयात आलेले पोरगे वेगळे, आणि मशीनगन लावल्या. शेकडो मेले. त्यानंतर गावात बाया उरल्या आणि मढी उरली. बऱ्याच जणांना धड रीतसर मूठमातीही मिळाली नाही, एका खड्ड्यात घातलं. सरकारी इतिहासात हे अनेक वर्षं नव्हतंच.

‘डेस्टिनेशन बियाफ्रा’ १९८२ ची. नायिका डेबी ओगेडेम्गबे, मंत्र्याची मुलगी, ऑक्सफर्डला शिकलेली, इग्बोही नाही, इत्सेकिरी. ती फौजेत जाते. तिला बियाफ्राच्या नेत्याकडं समेटाचं बोलायला पाठवतात. रस्त्यात शिपाई तिच्यावर बलात्कार करतात, तिच्याच बाजूचे शिपाई. पुढं ती गावठी बायांबरोबर, त्यांच्या पोरांबरोबर जंगलातून चालत राहते. वाटेत एक बाळ जन्मतं, त्याचं नाव बियाफ्रा ठेवतात. ते जगत नाही. कादंबरी म्हणून हे पुस्तक जागोजागी अडखळतं, सुरुवातीची राजकारणाची प्रकरणं तर भाषणासारखी. पण बाया चालायला लागल्या की पुस्तक जिवंत होतं. डेबीला कसाव्यातलं कळत नाही, पोर पाठीला बांधता येत नाही. जिला काहीच येत नाही अशी तीच. ऑक्सफर्डची बाई जंगलात बिनकामाची ठरते आणि कधी शाळेत न गेलेली बाई तिला जगवते. शेवटी तिचा जुना गोरा मित्र, लग्न कर आणि चल म्हणतो. ती म्हणते, नाही. अनाथ पोरं सांभाळेन आणि हे सगळं लिहीन. एमेचेटा २०१७ ला वारली.

चिमामांडा अडिची लढाईनंतरची, १९७७ ची. तिचे दोन्ही आजे लढाईत गेले. ‘हाफ ऑफ अ यलो सन’ २००६ ला आली, २००७ ला तिला लंडनचं ऑरेंज प्राइझ मिळालं. जुळ्या बहिणी ओलान्ना आणि काइनेने, पैसेवाल्या घरच्या. ओलान्ना प्राध्यापकाबरोबर राहते. लढाईनं त्यांना बंगल्यातून एका खोलीत आणून टाकलं. लढाईआधीच्या कत्तलीतून पळताना आगगाडीत ओलान्नाशेजारी एक बाई बसलेली असते, मांडीवर भोपळ्याचं भांडं. भांड्यात तिच्या पोरीचं डोकं. ती आई सांगते, ह्या केसांची वेणी घालायला किती वेळ लागला होता. मी तिथं पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

काइनेने धंदेवाली, जिभेची तिखट. ती निर्वासितांची छावणी चालवते. छावणीतला पाद्री खाण्याच्या बदल्यात पोरींना नासवतो, तेव्हा त्याला हाकलून देते. आणि लढाईचे शेवटचे दिवस असताना ती आफिया अटॅकला जाते. परत येत नाही. लढाई संपते, ओलान्ना शोधत राहते, पुस्तक संपतं, काइनेने येत नाही. लेखिकेनं तिचं मढंसुद्धा दिलं नाही. हे बरोबर केलं. ज्या बाया बाजाराला गेल्या आणि आल्या नाहीत त्यांची मढी कुणाला मिळाली?

ह्या कादंबरीत घरगडी आहे, उगवू. खेड्यातून आलेला पोरगा, भांडी घासता घासता मालकाची पुस्तकं वाचतो. त्याला पकडून सैन्यात नेतात. तिथं दारूच्या गुत्त्यावरच्या पोरीवर बाकीच्यांबरोबर तोही बलात्कार करतो. परत गावी येतो तर कळतं, त्याच्या बहिणीवर, अनुलिकावर, पाच शिपायांनी तेच केलंय. लढाईचा इतिहास लिहितो तो हाच उगवू. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत वाटतं की गोरा लेखक लिहितोय, आणि निघतो नोकर. हे वाचून आपल्यातला कुणीही उड्या मारेल. मीही मारल्या. पण अडिचीनं त्याचे हात स्वच्छ ठेवलेले नाहीत. लेखणी हातात आली म्हणून त्या हातानं काय केलं ते पुसलं जात नाही, हे तिनं लिहिलं. आपल्या आत्मचरित्रांतून बापाचा, भावाचा हात असा दाखवलेला किती वेळा दिसतो, ते ज्याचं त्यानं बघावं.

आता माझं भांडण. त्याच पुस्तकात आमाला आहे. खेड्यातली पोरगी, प्राध्यापकाच्या आईनं आणलेली. सासू म्हणते, शिकलेली बाई वांझ, ही पोर देईल. दारू पिऊन प्राध्यापक तिच्याकडं जातो. पोर होते. आमाला तिच्याकडं बघतही नाही. पोर ओलान्ना वाढवते, आणि सगळे म्हणतात, काय मनाची बाई. खरंच आहे, मनाची आहे. पण आमालाचं पुढं काय झालं? लढाईत ती कुठं होती? तिला विचारलं कुणी? नोकराला लेखणी मिळाली, नोकराणीच्या जागी आणलेल्या पोरीला चार वाक्यं मिळाली नाहीत. केट शिकलेली, डेबी शिकलेली, ओलान्ना शिकलेली. २०१५ च्या ‘अंडर द उडाला ट्रीज’ मध्ये चिनेलो ओकपरांतानं तेवढी एक वाट काढली. त्यात बाप विमानाच्या हल्ल्यात मेल्यावर आई पोरीला दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवते आणि गोष्ट ती पोरच सांगते.

आणि ओसू. हा शब्द आपल्या लोकांनी पाठ करावा. इग्बोंत देवाला वाहिलेली माणसं असतात, त्यांना ओसू म्हणतात. त्यांच्याशी लग्न नाही. त्यांची पोरंही ओसू, नातवंडंही ओसू. १९५६ साली पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळानं कायदा करून ओसू प्रथा बंद केली. कायद्यानं काय बंद होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. अचेबेच्या ‘नो लाँगर ॲट ईज’ मध्ये, १९६० ची ती, शिकलेला पोरगा ओसू पोरीशी लग्न ठरवतो आणि त्याची आई म्हणते, मी जिवंत असेपर्यंत नाही. एमेचेटाची ती नवऱ्यानं जाळलेली ‘द ब्राइड प्राइस’, तिच्यातली पोरगी गुलामांच्या वंशातल्या मास्तराशी पळून लग्न करते. म्हणजे ह्या लेखकांना हे माहीत होतं. मग निर्वासितांच्या छावणीत ओसू बाई कुठं झोपली? तिच्या हातची गारी कुणी खाल्ली? भूक लागल्यावर विटाळ जातो म्हणतात. आपल्याकडच्या दुष्काळात तो गेला का? ह्या तीन कादंबऱ्यांची नायिका ओसू नाही. ते पुस्तक कुणीतरी लिहायचं आहे.

लढाईनंतरचं सांगायचं राहिलं. जिंकलेल्या गोवननं जाहीर केलं, कुणी जिंकला नाही, कुणी हरला नाही. आणि मग हिशेब आला. बियाफ्राच्या काळात बँकेत कितीही पैसे ठेवलेले असोत, माणशी सरसकट वीस पौंड. हजार असोत की लाख, वीस पौंड. बियाफ्राच्या नोटा म्हणजे रद्दी. कादंबरीत ओलान्ना त्या जाळते. आता बाजारवाल्या बाईचं बघा. तिचा पैसा बँकेत नसतो, कमरेला असतो. अडीच वर्षं गोळ्यांतून जाऊन जे कमावलं त्याची राख. १९७२ ला परदेशी कंपन्यांचे शेअर देशातल्या माणसांना विकायचा कायदा झाला. वीस पौंडवाल्यांनी काय विकत घ्यायचं? तरी बाया परत बाजारात बसल्या, पोरांच्या फिया भरल्या, मोडलेल्या नवऱ्यांना उभं केलं. आणि २००९ पासून काही वर्षं नायजेरियानं शाळेतून इतिहास हा विषयच काढून टाकला होता. लढाई पोरांना कळायची ती आजीकडून नाहीतर कादंबरीतून.

ह्या कादंबऱ्यांच्या मागच्या पानावर एक इंग्रजी शब्द कायम छापलेला असतो, त्याचा अर्थ चिवटपणा, सोशिकपणा. बाई तुटत नाही, वाकते आणि परत उभी राहते. मला ह्या शब्दाचा राग येतो. आमच्या खात्यात आठ तास उभं राहण्याचं काम बायांना देतात. मुकादम म्हणतो, बायका सोशिक असतात. हा पगाराचा हिशेब आहे, कौतुक नाही. आणि आपल्या कवींचीही आई बघा. ती सरपण आणते, उपाशी झोपते, मार खाते, पोराला बॅरिस्टर हो म्हणते. कवी तिच्या पायावर डोकं ठेवतो आणि कविता संपते. तिला काय पाहिजे होतं? तिनं कुणाला शिव्या दिल्या? चळवळीत ती भाकऱ्या बडवायलाच होती का? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ छापलं, ते बायांच्या घरी जाऊन, त्यांना बोलतं करून. न्वापा, एमेचेटा, अडिचीनं कादंबरीत तेच केलं. केट चिडते, खोटं बोलते, पळते. काइनेने टोमणे मारते. डेबी नाही म्हणते. ह्यांना सोशिक म्हटलं तर त्या तुमच्या दारात येऊन बसतील.

न्वापानं पुढं स्वतःचा छापखाना काढला, टाना प्रेस. स्वतःची पुस्तकं छापायची, पोरांसाठी पुस्तकं काढायची. मोठे प्रकाशक नायजेरियातल्या वाचकापर्यंत पुस्तक नीट पोचवत नाहीत ही तिची तक्रार होती. १९९३ ला ती गेली.

‘नेव्हर अगेन’ची पहिली वीस पानं मी स्वतःपुरती मराठीत उतरवलीत. कसावा जमला, गारी तशीच ठेवली. सॅबोला घरभेदी घातला. पुढं दुसऱ्या पुस्तकांकडं वळले तर आफिया अटॅकला माझ्याकडं शब्द नाही. चोरटा बाजार म्हणावं तर बाई चोर ठरते. रात्रीचा बाजार म्हणावं तर भलताच अर्थ होतो. आमच्या आळीतली बोंबील विकणारी म्हातारी म्हणाली, ‘जिवावरचा बाजार म्हण की.’ तो मी सध्या घातलाय. कुणाकडं ह्याहून खरा शब्द असला तर कळवा.